नखानं खुरचून बघा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवासमोर बसूनही नाही — देवासमोर तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी पुटपुटत बसायची, म्हणजे हे ओठांवर यायला नको. सात वर्षं झाली. आता सांगून राहिले, तर आधीच एक बोलून घेते. मला कोणाची कीव नको. ‘जाऊ द्या काकू, माणसाकडून होतं असं’ हे तर बिलकुल नको. माणसाकडून होतं म्हणजे काय? माझ्याकडून झालं. मी केलं. चष्मा लावून, चांगल्या उजेडात केलं.

तुम्ही मला ओळखत नसाल, तर थोडं सांगते. जबलपुरात आमच्या मराठी मंडळींत मला सगळे झाडांची काकू म्हणतात. शोभाकाकूच्या हाताला यश आहे, तिनं वाळकी काडी खोचली तरी फुटते — हे ऐकत ऐकत मी सासष्ट वर्षांची झाले. आणि खोटं कशाला बोलू? ऐकायला फार गोड लागतं. मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका येतात त्या आधी गच्चीवर जातात, माझे गुलाब बघतात, मग खाली येऊन कुंकू लावून घेतात. माझ्या घरात पाच पिढ्यांची तुळस आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले नि इथंच राहिले, आणि ती तुळस त्यांच्याबरोबर आली असं आमच्याकडे सांगतात. खरं-खोटं कोण जाणे. पण तिला रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालायचं, हे माझ्या सासूनं मला शिकवलं आणि मी एक दिवस चुकवलेलं नाही.

तो तांब्या लक्षात ठेवा. तो पुढे येणार आहे.

माझ्या मुलानं, निखिलनं, आपल्या मर्जीनं लग्न केलं. मुलगी शहपुऱ्याची, पूनम. हिंदी बोलणारी, शिकलेली, कामाला वाघीण. आणि वडील — माळी. सरकारी बंगल्यांच्या बागेत जन्मभर माळी होते, रिटायर झाल्यावर शहपुऱ्याला रस्त्याकडेला त्यांनी छोटीशी नर्सरी टाकली होती. मी लग्नाला नाही म्हटलं नाही. मी तशी बाई नाही, असं मला वाटायचं. पण नातेवाइकांना सांगताना ‘त्यांचा नर्सरीचा बिझनेस आहे’ असं सांगायची. माळी हा शब्द काहून तोंडातून निघत नव्हता? तुम्हीच समजा.

समधीजी, म्हणजे पूनमचे वडील, पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी त्यांना गच्चीवर नेलं. माझे गुलाब दाखवायला! माळ्याला! त्यांनी हात मागे बांधून सगळं बघितलं, वा-वा केलं, आणि माझ्या सगळ्यात लाडक्या गुलाबापाशी खाली बसले. हळूच म्हणाले की बहनजी, ही खालून आलेली फांदी कलमाच्या खालची आहे, जंगली आहे, ही काढा, नाहीतर वरचं सगळं खाऊन टाकेल. चार माणसं उभी होती. मी हसले. ‘अच्छा, देखेंगे’ म्हटलं. ते गेल्यावर संध्याकाळी मी ती फांदी कापली — कारण त्यांचं बरोबर होतं. दोन वर्षं मी त्या जंगली फांदीला कौतुकानं खत घालून राहिले होते.

त्या दिवशी माझ्या पोटात काहीतरी बसलं. त्याला मत्सर म्हणतात. मी आज त्याला दुसरं नाव देणार नाही.

बिदाईच्या वेळी त्या माणसानं मुलीला काय दिलं असेल? बाकी जे रीतीचं ते दिलंच, पण शेवटी गाडीत बसताना तिच्या मांडीवर एक उथळ कुंडी ठेवली. त्यात वीतभर उंचीचं जुनिपरचं झाड. स्वतः फांदी लावून मुळं धरवलेलं, चार वर्षांचं. कोण्या जुन्या साहेबांच्या बंगल्यावर काम करताना ते बोन्साय शिकले होते, आणि आता मुलीला शिकवून राहिले होते. पूनमला त्यातलं तेव्हा काही येत नव्हतं. दर रविवारी गच्चीवर फोन कानाला लावून बसायची — पप्पा, हे टोक खुडू का? पप्पा, कुंडी फिरवू का? तिकडून ते सांगायचे, इकडून ती करायची. कधीकधी नुसतीच हसायची. मी जिन्यात उभी राहून ऐकायची. माझ्या घरात झाडांचं काही विचारायचं असेल तर लोक मला विचारतात. ही पोरगी मला एकदासुद्धा विचारत नव्हती.

लग्नाला वर्ष झालं आणि दिवाळी संपता संपता फोन आला, समधीजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पूनमनं तासाभरात पिशवी भरली. निघताना माझ्याजवळ आली आणि एक कागद दिला. वहीतला फाडलेला, घडी केलेला. पप्पांनी झाड देताना लिहून दिला होता तो — चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं मोठं मोठं वळणदार अक्षर. आईजी, यात सगळं आहे, एवढंच सांभाळा, बाकी काही नका करू, म्हणाली. आणि रडत रडत गेली.

मी तो कागद वाचला. दोनदा वाचला. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ हा दरवाजा मी स्वतःच बंद करून राहिले, बघा. त्यात हिंदीत लिहिलं होतं की याला खुल्या जागेत उन्हात ठेवा, घरात नेऊ नका. रोज पाणी देऊ नका. मातीत बोट घालून बघा, वरची माती कोरडी लागली तरच द्या. थंडीत आठ-आठ दिवस लागणार नाही. कुंडीच्या खाली काही ठेवू नका. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून — जुनिपर मरने के बाद भी महीना-डेढ़ महीना हरा दिखता है, धोखा मत खाना, नाखून से खुरचकर देखना.

वाचून मला काय वाटलं सांगू? चाळीस वर्षं झाडं वाढवणाऱ्या बाईला हा माणूस पाणी कसं घालायचं ते लिहून देतो! झाडाला पाणी घालायला मला कागद लागतो?

दुसऱ्याच दिवशी मी ते झाड गच्चीवरून खाली आणलं. आंगणात, तुळशीच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत. गुडघे दुखतात म्हणून, असं घरात सांगितलं. गुडघे तेव्हा दुखत नव्हते. मला ते माझ्या तुळशीजवळ हवं होतं, माझ्या हाताखाली. आंगण मी रोज सकाळी धुऊन रांगोळी काढते, आणि कुंडीतून मातीचं पाणी गळतं, म्हणून खाली एक जुनी परात ठेवली. आणि रोज आंघोळ झाली की एक तांब्या तुळशीला, एक तांब्या जुनिपरला. कार्तिक चालू होता. तुळशीला हळदकुंकू वाहिलं की दोन बोटं त्यालाही लावायची. ग्वारीघाटाहून डब्यात भरून आणलेलं नर्मदेचं पाणी होतं, सोमवारी तेही घालायची. नर्मदेच्या पाण्यानं कधी कोणाचं वाईट होतं का? असं मी स्वतःशी म्हणायची, मोठ्या आवाजात म्हणायची. परातीत पाणी साचलेलं असायचं. मला दिसायचं. मी ते ओतून द्यायची नाही.

मारायचं होतं का मला ते झाड? नाही. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही, उलट आहे. मला ते वाढवून दाखवायचं होतं. पूनम आली की तिला माझ्या पद्धतीनं वाढलेलं, दुप्पट झालेलं झाड दाखवायचं होतं आणि म्हणायचं होतं की कागद घे तुझा परत. त्या कागदाला हरवायचं होतं मला.

डिसेंबर संपला. संक्रांत आठ दिवसांवर असेल, एके सकाळी पाणी घालताना रंग मला जरा मळकट वाटला. हिरवाच, पण धुळकट हिरवा. पान चिमटीत दाबलं तर कुरकुरलं. परात ओढली तर घाण वास आला, सडलेल्या मुळांचा. हा वास माळ्याला ओळखू येतो आणि मलाही येतो. मी बुंध्यावर नखानं खुरचलं. तपकिरी. वर खुरचलं. तपकिरी. एका बारीक फांदीवर खुरचलं, आत कोरडं लाकूड. तीन ठिकाणी बघितलं मी. झाड मेलं होतं — कधी मेलं होतं कोण जाणे — आणि वरून हिरवं दिसून राहिलं होतं.

इथपर्यंत चूक होती. हट्टाची, ताठ्याची, पण चूक. इथपर्यंतचं मी कोणालाही सांगू शकले असते. पुढचं ऐका.

पूनम रोज दुपारी फोन करायची. निखिल घरी नसेल तर मी उचलायची. त्या दिवशी तिनं विचारलं, झाड कसं आहे, पप्पा सारखं विचारून राहिले. मी म्हटलं, मस्त आहे, हिरवंगार. पलीकडे ती वडिलांना मोठ्यानं सांगत होती ते ऐकू आलं. मग त्यांचं ते जड झालेलं बोलणं, अर्धवट शब्द, आणि पूनम ते मला समजावून सांगू लागली.

“आईजी, पप्पा म्हणून राहिले की एकदा नखानं खुरचून बघा.”

तुम्हाला सांगते, माझ्या नखात तेव्हा सकाळची तपकिरी साल होती. भांडी घासूनही गेली नव्हती. काय करायचं होतं मी? एक वाक्य होतं. पूनम, झाड गेलं, माझ्याकडून पाणी जास्त झालं. सहा-सात शब्दांचं काम. ती रडली असती. ते हसले असते कदाचित, माळी माणूस, हजार झाडं मेलेली बघितलेला. तिकडून सांगितलं असतं त्यांनी, नवी फांदी लाव. अजून जिवंत होते ते. एक हात चालत होता.

“बघितलं,” मी म्हटलं. “आत हिरवं आहे.”

आठ दिवसांनी समधीजी गेले.

मरणाऱ्या माणसाला समाधान दिलं, असं म्हणाल तर मला राग येईल. खरंच सांगते. मी त्यांना समाधान दिलं नाही, मी माझं नाक वाचवलं. त्यांच्या समाधानाची मला तेव्हा आठवणसुद्धा नव्हती.

आणि मी थांबले का? नाही थांबले. तेराव्याला आम्ही शहपुऱ्याला जाऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते झाड परत गच्चीवर नेलं, तिच्याच जागेवर, तिनं खडूनं कुंडीभोवती गोल काढला होता त्याच गोलात. वरची काळी माती काढली, नवी कोरडी माती घातली. कुंकू पुसलं, पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. परात भंगारवाल्याला दिली. कागद माझ्या रोजच्या पोथीत मधोमध ठेवला, लाल कपड्यात बांधलेल्या पोथीत, जिला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. यातलं एकही काम घाईत झालेलं नाही. मध्ये चहा प्यायले.

पूनम आली ती चप्पल न काढता सरळ वर गेली. मी मागून गेले. ती खाली बसली, दोन्ही हात कुंडीभोवती धरले. मग उठली आणि माझ्या पाया पडली. आईजी, तुमच्यामुळं पप्पा निश्चिंत गेले, म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा, म्हटलं. ठेवला ना हात? ठेवला! अजून तिच्या केसांतला तेलाचा वास हाताला आठवतो.

समधीजींनी पलंगावर पडल्या पडल्या, डाव्या हातानं, चादरीच्या टोकावर दोरी गुंडाळून तिला शिकवलं होतं की झाडाला तार कशी बांधायची. घट्ट नको, ढिली नको, तिरपी जाऊ दे, बुंध्यापासून वर. ते तिनं इथं आल्यावर चौथ्या दिवशी केलं. दोन तास लागले तिला. मेलेल्या झाडाला ती पोरगी बापाच्या शब्दांनी वळण देऊन राहिली होती आणि मी बाजूला मटार सोलत बसले होते. फांदी वाकवताना कट्ट आवाज आला, ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, कर कर, काही होत नाही.

पंधरा दिवसांत झाड लाल पडलं. आधी तार बांधलेल्या फांद्या, मग सगळं. तिनं कुंडीतून काढलं तर मुळं काळी, सडलेली. तिला वाटलं, तार बांधल्यावर काळजीनं दोनदा पाणी घातलं त्यानं सडलं. मेरे हाथ से मर गया, मेरे हाथ से मर गया — तेवढंच बोलत होती. निखिल समजावत होता. मीही समजावलं. ‘अगं, शिकताना होतं असं, मनाला लावून घेऊ नको.’ माझ्या तोंडून निघालेली सगळ्यात घाण गोष्ट कोणती म्हणाल तर ‘आत हिरवं आहे’ नव्हे, ही. कारण हे बोलताना मला बरं वाटलं. तिचं चुकलं आणि मी समजूत घालून राहिले — माझी जागा मला परत मिळाली होती.

तिनं तो कागद मागितला. पप्पांच्या हातचं लिहिलेलं दुसरं काहीच नाही आईजी, म्हणाली. मी सांगितलं, कुठं ठेवला आठवत नाही, रद्दीत गेला असेल. ती रद्दीचा पूर्ण गठ्ठा सोडून बसली. एक-एक पेपर झटकून बघितला तिनं. मी देवघरात दिवा लावून राहिले होते, पोथी समोर होती, तीन हातांवर.

वाळलेलं झाड आम्ही ग्वारीघाटावर सोडलं. नदीत सोडायचा फुलांचा दोना मी विकत घेतला.

एवढंच असतं तरी एक वेळ... नाही, एवढंच नाहीच आहे. समधीजींची इच्छा होती की नर्सरी पूनमनं बघावी. आठवड्यातून दोन दिवस शहपुऱ्याला जायचं, एक माणूस कामाला ठेवायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. तिची आईही तयार होती. निखिल मोटरसायकलनं सोडणार होता. पूनमनं नाही म्हटलं. ज्या हातानं पप्पांचं एक झाड जगलं नाही त्या हातानं एवढी झाडं कशी जगतील, हे तिनं माझ्यासमोर सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. मी तव्यावरची पोळी उलटली. रोपं देऊन टाकली, जागा सोडली, आता तिथं गिट्टी-सिमेंटचं दुकान आहे. पूनम ओमतीला एका छापखान्यात कम्प्युटरवर बसते. लग्नपत्रिका बनवते. कामात हुशार आहे, मालक खूश आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायला येते, तेव्हा माझ्या एकाही झाडाला हात लावत नाही. पदर लागू नये म्हणून अंग चोरून जाते.

चार वर्षं अशी गेली. मग मी काय केलं माहिती आहे? मी एक जुनिपर विकत आणलं. प्रायश्चित्त म्हणून? अहो छे. मला सिद्ध करायचं होतं की ते झाडच फालतू नाजूक आहे, आपल्या जबलपूरच्या हवेत टिकतच नाही, कोणाच्याही हातून मेलंच असतं. मनात म्हटलं, कागदाबरहुकूम करून बघते. जसं लिहिलं तसंच. मेलं की माझी सुटका.

दुपारी घरात कोणी नसताना पोथी सोडायची, कागद बघायची, पुन्हा बांधून ठेवायची. त्रेसष्टाव्या वर्षी पहिलीच्या पोरीसारखं मातीत बोट खुपसून बघायची. ओली लागली की तांब्या परत न्यायचा — हात शिवशिवायचा, खरं सांगते, भरलेला तांब्या परत न्यायला फार जड जातं. पहिल्या मे महिन्यात दुपारी हिरवी जाळी बांधली. कोवळी टोकं बोटांनी खुडायला शिकले, कात्रीनं कापली तर ती लाल पडतात. एकदा तार काढायला उशीर झाला आणि बुंध्यावर वळ उठले, ते अजून आहेत. नवशिकीच होते मी, चाळीस वर्षांची माळीणबाई! दर पंधरा दिवसांनी एका बारीक फांदीला नख लावून बघायची. दर वेळी आत हिरवं. ओलं, चकचकीत हिरवं.

ते मेलं नाही. तीन वर्षं झाली, मेलं नाही. त्या माणसाचं एकेक अक्षर बरोबर होतं.

आता गेल्या रविवारचं सांगते, म्हणजे मी आज काहून लिहायला बसले ते कळेल. मंडळाच्या महिलांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि स्टेजवर टेबलावर माझं ते जुनिपर, सगळ्यांना बघायला. बायका म्हणाल्या, सूनबाईंनी दोन शब्द बोलावे. पूनम मराठी बोलायला लाजते, तरी उठली. मोडक्या मराठीत म्हणाली की आईंच्या हाताला यश आहे, माझ्या हातानं तर पप्पांचं झाडसुद्धा गेलं, तसलंच झाड बघा आईंनी कसं जगवलं. लोक प्रेमानं हसले. कोणीतरी टाळी वाजवली. ती पण हसली. माझ्या हातात नारळ होता, समोर माईक होता, माझा आवाज चांगला खणखणीत आहे. मी धन्यवाद म्हटलं आणि खाली बसले.

सात वर्षांपूर्वी मी फोनवर होते, तोंड दिसत नव्हतं. ह्या वेळी ती चार हातांवर उभी होती.

घरी येऊन मी शाल कपाटात फेकली. राग आला मला. तिचा नाही. माझाही नुसता नाही — त्या ‘यश आहे, यश आहे’चा राग आला. कसलं यश? तुम्हा सगळ्यांना सांगून राहिले, नीट ऐका आणि पुढच्या हळदीकुंकवाला बोला खुशाल. माझ्या हाताला यश नाही. गच्चीवरचं जुनिपर शहपुऱ्याच्या एका माळ्यानं जगवलं आहे. मेल्यावर जगवलं आहे, एका फाडलेल्या कागदावर लिहून, आणि तो कागद मी त्याच्या पोरीचा चोरला आहे.

मी तिला सांगणार आहे. म्हातारपणी मन हलकं करायला नाही, ते तर आता हलकं व्हायचंही नाही. तिची वस्तू आहे म्हणून. बापाचं अक्षर तिचं आहे, आणि ‘माझ्या हातानं गेलं’ हे तिचं नाही, ते माझं आहे. ज्याचं त्याला गेलं पाहिजे. माफी मी मागणार नाही. ऐकायला उर्मट वाटेल, वाटू द्या. मी माफी मागितली तर ती पोरगी लगेच म्हणेल, जाऊ द्या आईजी. तशीच आहे ती. मग मला माफ करायचं कामही तिच्याच डोक्यावर टाकलं असं होईल, आणि मी पुन्हा एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवून मोकळी. ते मी होऊ देणार नाही. ती घरातून निघून गेली तर जाऊ दे. निखिल बोलायचा बंद झाला तर होऊ दे. नर्सरी तर परत येणार नाहीच.

आज तिला सुट्टी आहे. वर गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली आहे, बादलीचा आवाज येतो. पोथी मी सोडली आहे. कागद घडीवर थोडा फाटला आहे, अक्षर साबूत आहे. वर गेल्यावर जे बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे, मध्ये अडखळायला नको.

पूनम, हे घे. हा रद्दीत गेला नव्हता. तुझ्या पप्पांनी नखानं खुरचून बघायला सांगितलं, त्याच्या आधीच मी बघितलं होतं. आत हिरवं नव्हतं.